धांवतें समालोचन : नभोवाणीपासून चित्रवाणीपर्यंत

१९२६ सालच्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेस मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदु संघाच्या एका फलंदाजानें आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाची गोलंदाजी झोडपून काढली. त्यानें १५३ धांवा केल्या आणि त्यांत ११ षटकार होते. हा फलंदाज म्हणजे सी. के. नायडू. त्यांचा जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५ चा. तीन वर्षांपूर्वीं होळकर सरकारच्या बोलावण्यावरून ते इंदुरास गेले होते, तरी नागपूरकर त्यांस आपलाच माणूस समजत. परंतु या आपल्या माणसाचा एवढा मोठा पराक्रम नागपुरांत कोणासहि ऐकावयास मिळाला नाहीं. मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें तें २३ जुलै १९२७ रोजीं. म्हणजे जेमतेम आठ महिन्यांनीं ही खेळी हुकली. नागपूरच्या घरांत पोंचले ते वर्तमानपत्रांतले आकडे. चेंडू बॅटीवरून सुटतांना कसा आवाज झाला, गोलंदाजाची मुद्रा कशी झाली, सातवा षटकार गेल्यावर मैदानावर गलका उठला कीं लोक क्षणभर अवाक् झाले, यांपैकीं त्या आकड्यांना कांहींच सांगतां आलें नाहीं.

आकडा आणि प्रसंग यांच्यामध्यें राहणारी ही रिकामी जागा भरून काढावयास पुढें जी कला जन्मास आली, तिला मराठींत धांवतें समालोचन हें नांव पडलें. कला तशी नवी, शंभरीच्या घरांतली. १५ जानेवारी १९२७ रोजीं लंडनजवळ ट्विकनहॅम येथें इंग्लंड व वेल्स यांचा रग्बीचा सामना झाला आणि त्याचें वर्णन बी. बी. सी. नें मैदानावरून थेट प्रक्षेपित केलें. बोलणारे कॅप्टन वेकलॅम हे स्वतः जुने खेळाडू होते. पण ध्वनिक्षेपकापुढें बोलण्याची त्यांस मुळींच संवय नव्हती. तेव्हां अधिकाऱ्यांनीं एक नामी युक्ति योजिली. त्यांनीं एका अंध गृहस्थास आणून वेकलॅम यांच्याजवळ बसविलें आणि सांगितलें कीं, यांना खेळ समजावून द्या म्हणजे झालें. शिवाय मैदानाचा चौकोनांत विभागलेला नकाशा त्या आठवड्याच्या 'रेडिओ टाइम्स' मध्यें छापला होता. चेंडू ज्या चौकोनांत जाई त्याचा क्रमांक दुसरा एक जण मधून मधून सांगे, आणि घरीं बसलेला श्रोता नकाशावर बोट ठेवून खेळाचा माग काढी. नकाशाची पद्धति फार दिवस टिकली नाहीं. तो अंध गृहस्थ मात्र प्रत्येक चांगल्या समालोचकासमोर अदृश्य रूपानें बसलेलाच असतो. जो त्याला विसरला, त्याचें समालोचन कितीहि गोड आवाजांत असो, तें वायां गेलें असें समजावें.

हिंदुस्थानांत हें काम प्रथम अंगावर घेतलें तें बॉबी तल्यारखान यांनीं. १९३४ सालीं मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर चौरंगी सामन्यांपैकीं पारशी विरुद्ध मुसलमान हा सामना त्यांनीं वर्णिला. ते सबंध दिवस एकटे बोलत. जेवणाची व चहाची सुटी सोडली तर दुसरा आवाज नाहीं. १९४८-४९ सालीं वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हां तीन समालोचकांनीं पाळीपाळीनें बोलावें असें नभोवाणीनें ठरविलें. तल्यारखान यांस ही भागीदारी मान्य झाली नाहीं व ते बाजूला झाले. हट्ट म्हणावा तर तो हट्टच. पण त्यामागें कांहीं विचार होता. जो श्रोता सकाळपासून एकाच माणसाच्या डोळ्यांनीं खेळ पाहत आहे, त्याला दर अर्ध्या तासानें नवे डोळे दिले तर चित्र तुटतें. उलट पक्षीं, एकाच माणसाचे डोळे दिवसभर उसने घ्यावयाचे म्हणजे त्याचे पूर्वग्रहहि दिवसभर सोसावे लागतात. नभोवाणीनें धरलेला मार्ग एकंदरींत शहाणपणाचा होता. मात्र त्यानें एक नवें संकट आलें: ज्याचें नांव मोठें त्याला ध्वनिक्षेपकापुढें जागा मिळूं लागली. विजयनगरमचे महाराजकुमार, ज्यांस सारें क्रिकेटजगत् 'विझी' म्हणून ओळखतें, त्यांच्याविषयीं एक आख्यायिका सांगतात. आपण किती वाघ मारले हें ते वर्णन करून सांगत असतां वेस्ट इंडीजचे रोहन कन्हाय म्हणाले कीं, आपण रानांत रेडिओवर स्वतःचें समालोचन लावून ठेवीत असाल आणि वाघ कंटाळून प्राण सोडीत असतील, असेंच आम्हांस वाटलें होतें.

आवाजाला काव्याची जोड मिळाली ती मात्र एका हिंदी संघाच्याच निमित्तानें. १९४६ सालीं पतौडीच्या नबाबांच्या नेतृत्वाखालीं मर्चंट, हजारे, मंकड प्रभृति खेळाडू इंग्लंडांत गेले. बी. बी. सी. च्या पूर्वेकडील विभागांत काम करणाऱ्या जॉन आर्लट नांवाच्या तरुण कवीस, जो पूर्वीं पोलिसांत नोकरीस होता, या संघाचे सामने हिंदुस्थानांतील श्रोत्यांसाठीं वर्णन करावयास सांगण्यांत आलें. इंग्रजी समालोचनांतला सर्वांत रसाळ म्हणून पुढें गाजलेला आवाज अशा रीतीनें प्रथम हिंदी कानांसाठीं लागला. गोलंदाजाची चाल, पंचाची टोपी, मैदानावर लांबत चाललेली सावली हें सर्व धांवफलकावर कोठेंच नसतें. आर्लट यांनीं तें सांगण्याजोगें मानलें.

ऑस्ट्रेलियांत तर याहून चमत्कारिक प्रकार घडला. १९३० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत चाललेल्या कसोटी सामन्यांच्या तारा सिडनीस येत. तेथें बंद खोलींत बसलेले समालोचक त्या त्रोटक तारांवरून प्रत्येक चेंडूचें वर्णन रचीत, आणि लांकडावर पेन्सिल आपटून बॅटीचा आवाज काढीत. श्रोते मध्यरात्रीपर्यंत जागून तें ऐकत. हें सोंग आहे हें पुष्कळांस ठाऊक होतें, तरी त्यांना त्यांत गोडी वाटे. शब्द नीट असले तर डोळ्यांवांचून भागतें, याचा यापेक्षां चांगला पुरावा नाहीं. आणि शब्द नीट असले तर न घडलेलेंहि घडलेलें वाटतें, ही त्यांतलीच भीति.

नागपूरचें नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. त्या वेळीं नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. घरांत मराठी, बाजारांत हिंदी आणि कचेरींत इंग्रजी असा येथला रिवाज, आणि केंद्रहि मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत बोलूं लागलें. क्रिकेटचें समालोचन बहुतकाळ इंग्रजींत व पुढें हिंदींत येत राहिलें. हिंदींत जसदेव सिंग, रवि चतुर्वेदी आणि इंदूरचे सुशील दोशी यांच्या आवाजांनीं नागपूरच्या पानठेल्यांवर गर्दी जमवावी आणि आंतल्या बाजूस कोणी तरी धांवसंख्या खडूनें लिहीत बसावें, असें दृश्य ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर या शहरांत नवलाचें राहिलें नव्हतें. सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर ३ ऑक्टोबर १९६९ रोजीं येथला पहिला कसोटी सामना सुरू झाला. नभोवाणीचें केंद्रहि त्याच सिव्हिल लाइन्समध्यें. नागपूरकरांच्या दुर्दैवानें त्या सामन्यांत न्यूझीलंडनें १६७ धांवांनीं विजय मिळविला. हेडली हॉवर्थ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें दोन डावांत मिळून ९ गडी टिपले. आपल्या घराजवळचा पराभव रेडिओवरून ऐकणें हाहि एक अनुभवच.

इंदूरची आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. सी. के. नायडू यांच्या कन्या चंद्रा नायडू या तेथें महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत. त्या स्वतः क्रिकेट खेळलेल्या होत्या आणि सत्तरच्या दशकांत त्या समालोचनास बसल्या. हिंदुस्थानांतल्या पहिल्या स्त्री-समालोचक म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. २०२१ सालीं त्या वारल्या. पित्याची ती मोठी खेळी वर्णावयास ध्वनिक्षेपकच नव्हता. कन्येला तो मिळाला.

मराठी समालोचनाचा विषय काढला म्हणजे पहिलें नांव येतें तें बाळ ज. पंडित यांचें. १९२९ सालीं जन्मलेले व २०१५ सालीं पुण्यास निवर्तलेले पंडित हे स्वतः क्रिकेटपटू होते. क्रिकेटवर त्यांनीं पुष्कळ पुस्तकें लिहिलीं. पण त्यांची खरी कामगिरी नभोवाणीवरची. इंग्रजींत समालोचन करणाऱ्यास शब्द तयार मिळत. मराठींत बोलणाऱ्यास एका बाजूनें खेळ सांगावयाचा आणि दुसऱ्या बाजूनें भाषा घडवावयाची, आणि तेंहि गोलंदाज पुन्हां धांवत येण्याच्या आंत. लिहिणाऱ्यास शब्द खोडतां येतो; समालोचकाचा शब्द सुटला कीं सुटला. वर्तमानपत्रांनीं जे शब्द रुळविले होते आणि जे नव्यानें करावे लागले, त्या सर्वांना तोंडवळणीं लावण्याचें श्रेय पंडित व त्यांच्या बरोबरीचे वि. वि. करमरकर यांच्यासारख्या मंडळींस दिलें पाहिजे.

हे शब्द जरा निरखून पाहण्यासारखे आहेत. गोलंदाज हा शब्द मुळांत तोफखान्याचा. मराठ्यांच्या फौजेंत तोफ डागणारा तो गोलंदाज. त्याच्या हातून तोफेचा गोळा काढून घेतला आणि चेंडू दिला. त्याच्या जोडीला फळी घेऊन उभा राहणारा फलंदाज आपोआप तयार झाला. क्रिकेटला पूर्वीं चेंडूफळी म्हणतच असत. पायचीत, धांवचीत, यष्टिचीत यांतला चीत आला आहे तो तालमींतून. पाठ जमिनीला लागली कीं मल्ल चीत झाला, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला फलंदाजाचा शेवट वेगळा समजावून सांगावा लागत नाहीं. आणि त्रिफळा? तिन्ही यष्ट्या म्हणजे तीन फळ्या, त्या उडाल्या म्हणजे त्रिफळा उडाला. घरोघरच्या आजीबाईंच्या बटव्यांतलें चूर्ण एकदम खेळाच्या मैदानांत आलें. ज्यानें कोणी हा शब्द प्रथम योजिला, त्याला विनोदाचें अंग खासच होतें. अशा शब्दांत विद्वत्तेचा वास नाहीं, म्हणूनच ते टिकले. समित्या नेमून केलेले पुष्कळसे शब्द कोशांत पडून राहतात. हे रेडिओवरून एकदां ऐकलेले दुसऱ्या दिवशीं गल्लींतल्या पोरांच्या तोंडीं असत.

षटक हा शब्दहि तसाच सोपा, सहा चेंडूंचा समूह. मात्र ऑस्ट्रेलियांत १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंचें षटक टाकीत, त्याला अष्टक म्हणावें कीं काय, असा प्रश्न काटेकोर माणसास पडेल. स्लिप, गली, पॉइंट, मिडऑफ हे शब्द मात्र मराठी समालोचकांनीं बहुधा जसेच्या तसे ठेविले. त्यांचें भाषांतर करण्याचा हट्ट धरला असता तर चेंडू सीमेपार जाईपर्यंत क्षेत्ररक्षकाच्या जागेचें नांवच पुरें झालें नसतें. काय घ्यावें आणि काय सोडावें याचा हा विवेक ज्यांस होता, त्यांचीं वाक्यें आंखूड असत. क्रियापद वेळेवर येई. मराठी वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें, त्यामुळें चेंडूचें काय झालें हें कळावयास श्रोत्यास वाक्य संपेपर्यंत थांबावें लागतें. चांगला समालोचक या अडचणीचेंच भांडवल करी. "उंच फटका... चेंडू हवेंत... खालीं क्षेत्ररक्षक..." येथपर्यंत श्वास रोखून ठेवावयाचा आणि मग 'झेल' किंवा 'सुटला' या एका शब्दानें तो मोकळा करावयाचा. इंग्रजींत हें इतकें सहज साधत नाहीं.

अशी ही कला रंगांत आली असतां चित्रवाणी आली आणि तिनें समालोचकाच्या हातांतलें अर्धें काम काढून घेतलें. मौजेची गोष्ट ही कीं, १९३८ सालीं लॉर्ड्सवरील कसोटी सामना बी. बी. सी. नें पडद्यावर दाखविला, तेव्हां बोलावयास बसले तेहि वेकलॅमच. अकरा वर्षांपूर्वीं ज्यांनीं अंधास खेळ दाखविला होता, त्यांनाच आतां डोळसास खेळ सांगावयाचा होता, आणि हें काम अधिक कठीण आहे. नभोवाणीवर गप्प बसणें हा दोष. चित्रवाणीवर उगाच बोलणें हा दोष. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार रिची बेनॉ यांनीं या नव्या कामाचा नियम घालून दिला तो असा, कीं चित्रांत जें आहे त्यांत भर घालतां येत असेल तरच तोंड उघडावें. बेनॉ या नियमाप्रमाणें जवळजवळ अर्धें शतक वागले. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना तो पाळतां आला.

बेनॉ यांच्याच देशांत, मेलबर्न शहरांत, फुटबॉलची एक स्वतंत्र जात आहे. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूस अठरा गडी. १९५७ सालीं हा खेळ तेथें प्रथम चित्रवाणीवर आला, तेव्हां प्रेक्षक घरीं बसतील या भीतीनें फक्त शेवटचा चतुर्थांश खेळ थेट दाखविण्याची परवानगी होती. पडद्यावर बोलावयास मंडळी आली ती बरीचशी जुनीं नांवें गाजवलेल्या खेळाडूंची. रिचमंडचे जॅक डायर, कॉलिंगवुडचे लू रिचर्ड्स. त्यांच्या गमतीदार चुकांवर लोक खूष असत. पण तेथेंच एक विभागणी पक्की झाली: एकानें खेळ सांगावयाचा आणि माजी खेळाडूनें मध्येंच मत द्यावयाचें. मत देणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि सांगणारा आक्रसत गेला, ही तक्रार मेलबर्नमध्यें जशी ऐकूं येते तशीच ती नागपुरांतहि ऐकूं येते. आपल्याकडे नभोवाणीवर षटक संपल्यावर तज्ज्ञ दोन वाक्यें बोले आणि पुन्हां खेळ सुरू होई. आतां तज्ज्ञ बोलत असतांच खेळ होऊन जातो.

३१ ऑक्टोबर १९८७ रोजीं, म्हणजे सी. के. नायडू यांच्या जन्मदिवशींच, नागपुरांत विश्वचषकाचा सामना झाला. चेतन शर्मा यानें एका षटकाच्या शेवटच्या तीन चेंडूंवर न्यूझीलंडच्या रुदरफर्ड, स्मिथ व चॅटफील्ड या तिघांचे त्रिफळे उडविले. विश्वचषकांतली ती पहिलीच हॅट्ट्रिक. त्यानंतर अंगांत ताप असतां सुनील गावसकर यांनीं ८८ चेंडूंत नाबाद १०३ धांवा केल्या. एकदिवसीय सामन्यांतलें त्यांचें तेवढें एकच शतक. हीं दृश्यें दूरदर्शनवर देशानें पाहिलीं. पडणाऱ्या यष्ट्या दिसत असतां शब्दांची आवश्यकता ती किती? पण गावसकर आजारी आहेत, एरवीं संथ म्हणून ज्यांना नांवें ठेविलीं तेच आज असे कां खेळत आहेत, हें चित्र सांगूं शकत नव्हतें. चित्रवाणीवरील समालोचकाची जागा नेमकी तेथें आहे. २००८ च्या नोव्हेंबरांत जामठ्याच्या नव्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा कसोटी सामना संपत आला असतां धोनी यांनीं निवृत्त होणाऱ्या सौरभ गांगुली यांच्या हातीं थोडा वेळ संघाची सूत्रें दिलीं. अशा क्षणीं जो बोलला नाहीं तोच उत्तम बोलला.

गुणवत्ता घसरण्याचें कारण केवळ बडबड हें नव्हे. १९९५ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला, सरकारी दूरदर्शनची मक्तेदारी संपली आणि खेळाच्या प्रक्षेपणास फार मोठी किंमत आली. पुढें क्रिकेट मंडळ स्वतःच समालोचकांशीं करार करूं लागलें. यजमानाचें मीठ खाणाऱ्यानें यजमानाच्या स्वयंपाकाची परीक्षा करावयाची, अशी ही अवघड जागा. हैदराबादच्या मराठी कुटुंबांत जन्मलेले हर्ष भोगले, जे कसोटी सामना कधींच खेळले नाहींत, त्यांस १९९१-९२ सालीं ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें बोलावून घेतलें. असा मान मिळालेले ते पहिलेच हिंदी समालोचक. तेच भोगले २०१६ सालीं आय. पी. एल. सुरू होण्याच्या तोंडावर समालोचकांच्या यादींतून वगळले गेले. कारण जाहीर झालें नाहीं. पुढील वर्षीं ते परतले; पण त्या एका वर्षानें इतरांस काय शिकविलें असेल याची कल्पना करावयास फार बुद्धि लागत नाहीं.

या सर्व काळांत मराठी कोठें होती? २०१८ च्या १ जानेवारीस इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भानें दिल्लीस नमवून रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. रजनीश गुरबानी यानें अंतिम सामन्यांत हॅट्ट्रिक केली. नायडू ज्या शहरांत जन्मले त्या शहराच्या संघानें, नायडू ज्या शहरांत गाजले त्या शहरांत हा विजय मिळविला. नागपूरच्या घरांतून तो सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिला. पण पडद्यावरचें बोलणें मराठींत नव्हतें. १९२६ सालीं चित्रहि नव्हतें आणि शब्दहि नव्हते. आतां चित्र लख्ख होतें आणि शब्द परक्याचे होते.

मराठी २०२३ सालीं भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून ऐकूं आली. जिओ-सिनेमा कंपनीनें आय. पी. एल. चें समालोचन बारा भाषांत दिलें, त्यांत मराठी होती. किरण मोरे, धवल कुलकर्णी, केदार जाधव असे खेळाडू बोलावयास बसले. त्यांच्या बोलण्यांत मैदानावरची खरी जाण होती, आपलेपणा होता, पुण्या-मुंबईच्या मैदानांवरच्या आठवणी होत्या. उणीव होती ती दुसरीच. इंग्रजींत विचार केलेलें वाक्य मराठी प्रत्यय लावून बाहेर पडे आणि उत्साहाची जागा ओरड घेई. त्रिफळा, पायचीत, निर्धाव हे शब्द मात्र जागच्या जागीं येत, जणु ते कधीं दूर गेलेच नव्हते. ज्यांनीं ते रुळविले, त्यांचा आवाज या मंडळींपैकीं कांहींनीं लहानपणीं ऐकला असेल, कांहींनीं नसेलहि. नव्या समालोचकांस शब्द वारशानें मिळाले आहेत; वाक्य त्यांचें त्यांनाच घडवावें लागेल, आणि त्यासाठीं पडद्यापुढें डोळे मिटून थोडा वेळ बोलून पाहण्यासारखा दुसरा उपाय नाहीं.

त्याच हंगामांत, मे महिन्याच्या आरंभीं, बंगळूरच्या संघाचा डेव्हिड विली जायबंदी झाला आणि त्याच्या जागीं केदार जाधव यांस बोलावणें आलें. समालोचनाची खुर्ची सोडून ते बॅट घेऊन मैदानांत उतरले. आदल्या आठवड्यापर्यंत इतरांच्या फटक्यांना मराठी नांवें देणाऱ्या या फलंदाजाच्या फटक्यांना आतां त्याच्या मागें राहिलेल्या सोबत्यांनीं नांवें द्यावयाचीं होतीं.